पालथे ग्लास

कारखान्यात तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे वकीलबाई म्हणायचे. वय सोळा, शाळा अर्ध्यावर सुटलेली, पण जीभ अशी तयार की समोरच्याने तोंड उघडायच्या आत हिचा उलटा सवाल हजर. लहानपणी आईने भांडी घासायला सांगितली तर ही विचारायची, "काल मी घासली, परवा मी घासली, मग दादाचे हात काय झिजतात?" आई कपाळावर हात मारून म्हणायची, "या कार्टीला बोलण्यात हरवणारा अजून जन्माला यायचाय." घरातलं हे टोपणनाव कारखान्यात पोचवलं ते मुंगीने.

मुंगी शेजारच्या घरातली. वकीलबाईहून पाच-सहा वर्षांनी मोठी, अंगाने एवढीशी, आणि एकदा कामाला लागली की मान वर न करणारी, म्हणून मुंगी. तीच वकीलबाईला शिवणाच्या कारखान्यात घेऊन आली. मशीनवर सरळ टीप कशी मारायची ते तिनेच शिकवलं, आणि पहिल्याच दिवशी कानात सांगितलं, "हे बघ, सकाळी घरून निघाल्यावर पाणी प्यायचं नाही. जेवताना दोन घोट. बास."

"का?"

"झाला तुझा खटला सुरू? नाही प्यायचं म्हणजे नाही प्यायचं."

कारण कळायला दुपारसुद्धा व्हावी लागली नाही. तिथे शर्ट हातोहात पुढे जायचा. एकीने कॉलर लावायची, दुसरीने बाही, तिसरीने कफ, पुढे काज, पुढे बटण. मधली एखादी उठली की तिच्यापुढे शर्टांचा ढीग आणि पुढचीचे हात रिकामे. म्हणून उठायचं नाही. आणि उठून तरी जायचं कुठे? मुलींसाठी संडास एकच, हॉलच्या टोकाला, इस्त्रीवाल्या पुरुषांच्या टेबलाला लागून, आणि त्याला कुलूप. किल्ली मुकादमबाईच्या टेबलावर. हरवू नये म्हणून ती चांगल्या वीतभर लाकडी ठोकळ्याला बांधलेली. तो ठोकळा हातात घेऊन अख्खा हॉल पार करायचा म्हणजे दवंडीच की! त्यात मुकादमबाईचा आवाज खणखणीत. "आत्ता तर जाऊन आलीस! पोट आहे की गळका नळ?" इस्त्रीवाले खाली बघून हसायचे. असं एकदा झालं की ती पोरगी पुन्हा म्हणून किल्ली मागायची नाही.

मुकादमबाई दुष्ट होती असं नाही. तीही याच मशीनवरून उठून त्या खुर्चीवर बसलेली. "आम्ही नाही का दिवस काढले?" हे तिचं ठरलेलं वाक्य. आपण काढले म्हणून दुसऱ्यांनीही काढावेत, यात तिला काही वावगं वाटत नसे. पाळीत पोट धरून बसलेल्या पोरीला ती आपल्या डब्यातली पांढरी गोळी द्यायची, आणि तीही मायेने. गोळी कसली, हे कुणी विचारलं नाही. दुखणं थांबायचं, हात चालायचे, मालक खूश. मुंगीला तर त्या गोळीची सवयच लागली होती. कंबर दुखली, लघवीला जळजळ झाली, अंगात कणकण आली, सगळ्यावर तीच गोळी. कितीतरी वर्षं.

सुट्टीच्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सबाई वस्तीतल्या मुलींना मागच्या खोलीत जमवायच्या. पाळी, अंगावरून जाणं, रक्त कमी असणं, लग्नाला नाही म्हणायचा हक्क, असल्या गोष्टी त्या भाजीच्या भावाइतक्या सहज बोलायच्या. सुरुवातीला मुली तोंडावर हात ठेवून खिदळायच्या आणि नर्सबाईंचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी असायचं. पण वकीलबाई प्रश्न विचारायला लागली आणि बाकीच्या ऐकायला लागल्या. एका सुट्टीला नर्सबाई म्हणाल्या, "दिवसभर पाणी न पिता लघवी दाबून ठेवाल, वर त्या गोळ्या खाल, तर मूत्रपिंडं कामातून जातील. भरपूर पाणी प्या."

"आणि जायचं कुठे, नर्सबाई? तुमच्या घरी?" एकीने विचारलं. सगळी खोली हसत सुटली.

नर्सबाईही हसल्या. मग म्हणाल्या, "मी बाहेरची. मी सांगून मालक ऐकणार नाही. तुम्ही काही करणार असाल तर मी आहे पाठीशी."

त्या दिवसापासून वकीलबाईच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. ती मालकाकडे गेली. मालक म्हणाला, मुकादमबाईला विचार. मुकादमबाई म्हणाली, मालकांना विचार. अशी टोलवाटोलवी काही दिवस चालली, आणि मग वकीलबाईला एक अशी युक्ती सुचली की ती ऐकून मुंगीसुद्धा टीप मारायची थांबली.

"आपण किल्ली मागायचीच नाही," वकीलबाई म्हणाली. "आपण फक्त पाणी प्यायचं. सगळ्यांनी, एकाच वेळी. मग बघू काय होतं ते."

पहिल्यांदा मात्र हात दाखवून अवलक्षण झालं. निम्म्या मुलींनी नुसते ओठ ओले केले. उठायची वेळ आली तेव्हा ज्या खरंच प्यायल्या होत्या त्या उठल्या, बाकीच्या मशीनवर वाकून राहिल्या. उभ्या राहिलेल्यांना मुकादमबाईने असं झापलं की दोघी तिथेच रडल्या. त्या संध्याकाळी वकीलबाईने नियम केला. पितील तर सगळ्या पितील, नाहीतर कुणीच नाही. आणि प्यायल्याची खूण म्हणून ग्लास मशीनशेजारी पालथा घालायचा. ती स्वतः पाण्याचा जग घेऊन फिरणार आणि बघणार. थेंब सांडला तर पुन्हा भरणार.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. वकीलबाईला ती फार उशिरा कळली, पण आपण आत्ताच ऐकून ठेवू. काही दिवसांपासून मुंगीचा चेहरा सकाळी सुजलेला असायचा. तिच्या आईने तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेली आहेत, लवकरच मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागेल, आणि तोवर पाणी अगदी मोजून. पाणी बाहेर टाकायची ताकद शरीरात उरली नाही. जास्त झालं तर ते अंगात साठेल, छातीत भरेल. मुंगीच्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर दार लावून पोरीला म्हणाली, "हे कुणाला बोलायचं नाही. पुढच्या महिन्यात तुला बघायला येतायत. एवढं जमू दे, मग करू मशीनचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि त्या वकिलिणीला तर मुळीच सांगू नकोस, ती गावभर करेल." आईचा जीव वाईट नव्हता. घाबरलेला होता. मुंगी जन्मात कुणाला उलटून बोलली नव्हती, ती आईला काय बोलणार?

आणि दुसऱ्या खेपेला वकीलबाई जग घेऊन तिच्यापुढे उभी राहिली.

"मला नको गं," मुंगी हळूच म्हणाली. "मळमळतंय."

"आज सगळ्यांनाच मळमळतंय. भीतीने. पी."

"उद्यापासून पिते."

"मुंगे, सगळ्या तुझ्याकडे बघतायत. तूच नाही प्यायलीस तर या शेळ्या कशाला पितील?"

खरंच सगळ्या बघत होत्या. मुंगी इथली सगळ्यात जुनी, सगळ्यांना टीप शिकवलेली. तिने ग्लासकडे पाहिलं, वकीलबाईकडे पाहिलं, आणि कडू औषध प्यावं तसं डोळे मिटून सगळं पाणी प्यायली. ग्लास पालथा घातला. वकीलबाईने तिच्या पाठीवर थाप मारली आणि पुढे गेली. तिला इतका आनंद झाला होता की मागे वळून बघायचं तिला सुचलंही नाही.

त्या दिवशी दुपारच्या आत अख्खी लाइन उभी राहिली. कुणी बोललं नाही, कुणी किल्ली मागितली नाही. मुकादमबाई एकदा ठोकळ्याकडे बघे, एकदा रांगेकडे. "अगं, सगळ्या? एकदम? काय जुलाब लागलेत काय तुम्हाला?" पण रांग हॉलभर पसरली होती. इस्त्रीवाल्यांच्या टेबलाला वळसा घालून ती दारापर्यंत गेली होती, आणि गंमत म्हणजे आता इस्त्रीवाले हसत नव्हते. एक पोरगी गेली तर हसायला येतं. तीस पोरी नाकासमोर उभ्या राहिल्या की हसणाऱ्यालाच आपलं तोंड कुठे लपवू असं होतं. मशीनं बंद, शर्ट जिथल्या तिथे. मालक ओरडत आला, ओरडत गेला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा. मुकादमबाईच्या नाकी नऊ आले. मुलींना मजा वाटायला लागली. ज्या पोरी कधी चार शब्द बोलत नव्हत्या त्या ग्लास पालथा घालून टिचकी वाजवायला लागल्या.

मुंगीची पावलं सुजली. चपलेचा पट्टा बसेना. वकीलबाईने ते पाहिलं, आंधळी नव्हती ती. म्हणाली, "चल, नर्सबाईंना दाखवू."

"आधी कुलूप निघू दे," मुंगी म्हणाली. "दिवसभर पाय पेडलवर असतो, त्याने होतंय."

वकीलबाईने मान डोलावली. जी पोरगी आईच्या प्रत्येक वाक्याला का म्हणून विचारायची, तिने इथे 'का' असं विचारलं नाही. तिचं सगळं लक्ष कुलपात अडकलं होतं.

अखेर माल पाठवायची तारीख अंगावर आली आणि मालकाने माघार घेतली. स्वतः येऊन कुलूप काढलं, ते मुकादमबाईच्या टेबलावर आदळलं, "करा काय करायचंय ते," असं म्हणून निघून गेला. हॉलमध्ये क्षणभर कुणाला खरंच वाटेना. मग जो गलका झाला! कटिंग मास्तरसुद्धा कात्री ठेवून बघत राहिला. मुंगी हसत होती आणि खोकत होती, खोकत होती आणि हसत होती.

संध्याकाळी दोघी नेहमीच्या रस्त्याने घरी निघाल्या. मुंगीला चालवेना. ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली, तोंड उघडं टाकून श्वास घेत. वकीलबाई तिच्यापुढे उभी राहून आता पंखे कसे मागायचे याचे बेत सांगत होती.

"आपण जिंकलो ना?" मुंगीने मध्येच विचारलं.

"जिंकलो म्हणजे काय! नाक दाबून तोंड उघडायला लावलं त्यांना."

"मग उद्या मी पाणी नाही प्यायले तर चालेल?"

वकीलबाई खळखळून हसली. "आता तुझ्या मर्जीचं राज्य. पी नाहीतर नको पिऊस."

मुंगीही हसली. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. पहाटेच तिला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिला आडवं झोपता येत नव्हतं, झोपलं की गुदमरायला व्हायचं. दुपारी वकीलबाई काज करत असताना निरोप आला की मुंगी गेली.

वकीलबाई रडली नाही. नर्सबाईंपुढे जाऊन उभी राहिली. मोठ्या दवाखान्यातून त्यांना सगळं कळलं होतं, ते त्यांनी तिला सांगितलं. वकीलबाईने एकच विचारलं, "माझ्या पाण्याने मेली का?"

नर्सबाईंनी तिला समोर बसवलं. मग म्हणाल्या, "खोटं नाही सांगणार तुला. मूत्रपिंडं आधीच गेली होती, आणि ती पाणी प्यायल्याने नाही, न पिता दाबून ठेवल्याने आणि त्या गोळ्यांनी. मशीन सुरू केलं असतं तर जगली असती. पण जे दिवस होते, ते पाण्याने कमी झाले." वकीलबाईला वाटलं, खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कारखान्यात वेगळंच सुरू झालं. मुकादमबाईने कुजबुज पेरली. "पाणी पाजून पाजून मारली पोरीला. आम्ही इतकी वर्षं नाही प्यायलो, मेलो का?" तिच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला होता. मुली घाबरल्या. एकीने पाणी सोडलं, मग सगळ्यांनी सोडलं. संडासाचं दार उघडं आणि तिकडे कुणी फिरकत नाही. "जायचंच नाही तर उघडं कशाला ठेवायचं?" मुकादमबाई म्हणाली, आणि ते कुलूप पुन्हा खणातून काढून टेबलावर ठेवलं. सगळ्या वकीलबाईकडे बघायच्या. वकीलबाई मशीनवरून मान वर करत नव्हती.

चार दिवस असेच काढून ती मुंगीच्या घरी गेली. मुंगीची आई भिंतीला टेकून बसली होती. तिला बघताच तिने शेजारची जागा हाताने पुसली. "ये. बस. तुझं नाव रोज घ्यायची बघ ती. घरी आली की सांगायची, आज वकीलबाईने असं केलं, आज तसं केलं. मी विचारायचे, तू नाही ना प्यायलीस? म्हणायची, नाही गं आई, नुसतं तोंड ओलं करते मी. तेवढं ऐकायची माझं. गुणाची होती."

इथून गप्प उठून गेलं तरी कुणाला काही कळणार नव्हतं. या बाईजवळ आता एवढंच उरलं होतं, की पोरीने आपलं ऐकलं.

"काकू," ती म्हणाली, "तोंड नव्हती ओलं करत. पूर्ण ग्लास प्यायची. मी पाजायचे. उभी राहून बघायचे."

काकूने तिच्याकडे पाहिलं.

"तुला माहीत नव्हतं?"

"नाही. पण तिने नको म्हटलं होतं. मी 'का' असं विचारलं नाही."

"मग मला कशाला सांगायला आलीस?" काकूचा आवाज फाटला. "नसतं सांगितलं तर चाललं नसतं का मला?"

आता वकीलबाई रडली, हुंदके देत, लहान मुलीसारखी. काकूने तिला जवळ घेतलं नाही. पण उठून जा असंही म्हणाली नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, एकमेकींना न शिवता.

दोन दिवसांनी काकू कारखान्यात आली. मुंगीची कात्री आणि स्टुलावरची घडी करून ठेवलेली गादी न्यायला आली असेल असं सगळ्यांना वाटलं. मुकादमबाई लगबगीने उठली, "बसा हो, बसा, काय हे झालं," म्हणाली. काकू बसली नाही. लाइनीच्या तोंडाशी उभी राहिली. तिला मोठ्याने बोलायची सवय नव्हती, म्हणून मशीनं बंद करावी लागली.

"डॉक्टरांनी तिला पाणी मोजून दिलं होतं," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं. मीच म्हटलं, कुणाला सांगू नकोस, लग्न जमायचंय. हिने पाणी पाजलं, ते न कळता पाजलं. मी कळून गप्प बसले." मग ती मुकादमबाईकडे वळली. "आणि बाई, त्या गोळ्या तुमच्या होत्या. ती घरी आणून दाखवायची. मुकादमबाई किती चांगल्या आहेत म्हणायची."

मुकादमबाईचा हात टेबलावरच्या कुलपावर होता, तो तिथेच राहिला. तिचं तोंड उघडलं, पण 'आम्ही नाही का' एवढं म्हणून ती थांबली.

काकूने वकीलबाईकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती. "या पोरींना पाणी पाज," ती म्हणाली. "पण आधी एकेकीला विचार."

ती गेली. कात्री न्यायची तिला आठवणही राहिली नाही.

वकीलबाईने जग भरला. पहिल्या मुलीपाशी जाऊन तिने खालच्या आवाजात विचारलं, "तुला काही दुखतंय का? डॉक्टरांनी काही सांगितलंय का? नको असेल तर नको पिऊस, कुणी काही म्हणणार नाही." ती मुलगी आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, लघवीतून रक्त जातं, आईला सांगितलेलं नाही. दुसरीला पाळी येऊन महिने झाले होते आणि ती रोज रात्री घाबरून रडत होती. तिसरीचं लग्न ठरलं होतं आणि तिला करायचं नव्हतं. एकेक पोरगी, जिच्या शेजारी रोज बसून शर्ट पुढे सरकवले होते, ती आत काय दाबून बसली होती हे वकीलबाई पहिल्यांदाच ऐकत होती. कुणाला तिने पाणी दिलं, कुणाला संध्याकाळी नर्सबाईंकडे न्यायचं कबूल केलं. दोघींनी नको म्हटलं, त्यांना तिने 'का?' असं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत थांबली.

मग ती मुंगीच्या कॉलरच्या मशीनपाशी आली. स्टूल रिकामं होतं. सवयीने ती वाकली, तोंडाशी आलेला प्रश्न तोंडातच राहिला. हाच प्रश्न इथे विचारला असता तर मुंगीने सांगितलं असतं. थेट विचारणाऱ्याला ती कधी खोटं सांगत नसे, एका आईशिवाय.

"वकीलबाई," पलीकडून बाही लावणारी हळूच म्हणाली, "मलाही सांगायचंय."

वकीलबाईने डोळे पुसले आणि जग घेऊन तिच्यापाशी गेली.